मुलगा गावाबाहेर पडतो, गाव मुलातून बाहेर पडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे तासगावच्या बाजूचे, द्राक्षबागायतदाराच्या घरातले, सध्या शिकागोजवळ नोकरीला. ४ जुलैच्या सुट्टीत त्यांच्या मॅनेजरने टीमला घरी जेवायला बोलावलं होतं. अंगणात शेगडी पेटलेली, कांदा चिरायचा होता आणि सुरी कुणीतरी उचलून नेलेली. यांनी कांदा फळीवर ठेवला, वर एक बुक्की मारली, पाकळ्या मोकळ्या केल्या आणि ताट पुढे सरकवलं. सगळे हसले. मॅनेजर म्हणाले, "वेल, यू कॅन टेक द बॉय आउट ऑफ द कंट्री, बट यू कान्ट टेक द कंट्री आउट ऑफ द बॉय." घरी येताना गाडीत बरोबरच्या एका भारतीय मित्राने अर्थ सांगितला: "देशाबाहेर आलास तरी देशी तो देशीच राहणार, असं म्हणाले ते." तेव्हापासून हे बेचैन आहेत. हा अपमान होता का? मराठीत याला काय म्हणतात? आणि हे वाक्य आपण कधी वापरू शकतो?

अपमान नव्हता. मी एवढ्या खात्रीने का म्हणतो ते पुढे येईल. आधी मित्राच्या भाषांतराकडे बघू, कारण सगळा घोळ 'कंट्री' या एका शब्दाने केला आहे. मित्राला फार बोलू नका. पंचवीसेक वर्षं भाषांतर करण्यात आणि कंपन्यांमधल्या लोकांना इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि उमेदवारीच्या काळात याच वाक्याने मला तोंडावर पाडलं होतं. एका मुलाखतीच्या भाषांतरात मी लिहून दिलं होतं, "मुलाला देशाबाहेर काढता येईल, पण देशाला मुलाबाहेर काढता येणार नाही." वाक्य ऐकायला भारदस्त, जवळजवळ देशभक्तीपर. फक्त बोलणारा माणूस केंटकीतला होता, न्यूयॉर्कला राहायला गेला होता, आणि त्याने देश सोडलाच नव्हता. तपासणाऱ्या बाईंनी 'देशाबाहेर'भोवती लाल वर्तुळ काढून शेजारी एकच शब्द लिहिला: "कुठे?"

कंट्री म्हणजे देश हे आपण चौथी-पाचवीत पाठ करतो आणि तिथेच थांबतो. पण 'द कंट्री' म्हणजे शहराबाहेरचा मुलूख, शेतशिवार, खेडोपाडी. 'ही लिव्ह्‌ज इन द कंट्री' म्हणजे तो देशात राहतो असं नव्हे (देशात तर सगळेच राहतात), तो गावाकडे राहतो. कंट्री म्युझिक, कंट्री हाउस, कंट्री रोड या सगळ्यांतला कंट्री हाच. शब्दाचं मूळ लॅटिन 'कॉन्ट्रा'मध्ये आहे, म्हणजे समोर, विरुद्ध बाजूला. डोळ्यांसमोर पसरलेली जमीन ती कंट्री. राष्ट्र हा अर्थ त्याच शब्दाला चिकटला आणि शाळेच्या पुस्तकात तोच मोठा झाला.

खरं तर मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपला 'देश' शब्द अगदी हाच खेळ खेळतो. कोकणातली आजी "धाकटा देशावर असतो" म्हणायची तेव्हा तो परराष्ट्रात गेलेला नसायचा, घाट चढून कऱ्हाड-साताऱ्याकडे गेलेला असायचा. देशावरचा, देशस्थ, देशावरची भाकरी यातला देश म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं पठार. एकच शब्द, एकदा राष्ट्र, एकदा मुलूख, आणि ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. इंग्रजीत 'कंट्री'चं तसंच आहे. तुमचे मॅनेजर तुमच्या भारताबद्दल बोलत नव्हते, तासगावबद्दल बोलत होते.

थोडा घोळ इंग्रजीचाही आहे, हे मान्य करायला हवं. 'ही इज आउट ऑफ द कंट्री' असं नुसतं म्हटलं तर अर्थ 'तो परदेशी गेलाय' असाच होतो. म्हणजे म्हणीचा पहिला तुकडा एकटा उभा केला तर तुमच्या मित्राचा अर्थही बसतो. दुसरा तुकडा येतो तेव्हा वाक्य आपली बाजू दाखवतं: राष्ट्र कुणाच्या आतून काढायचं नसतं, गाव काढायचं असतं. अमेरिकेतले बरेच जण संदिग्धता टाळायला 'कंट्री'ऐवजी सरळ 'फार्म' म्हणतात. परदेशातल्या भारतीयांनी मात्र नेमका राष्ट्राचा अर्थ धरून आपली आवृत्ती काढली, 'इंडियन'ला 'इंडिया'तून बाहेर काढता येतं वगैरे. तुमच्या मित्राच्या कानात बहुधा तीच घुमत असावी.

आता बांधणी. 'मुलगा गावातून' आणि 'गाव मुलातून', दोन्ही नामांनी जागा बदलली, क्रियापद तेच राहिलं. पण 'टेक आउट'चा अर्थ मधल्यामध्ये सरकतो. पहिल्यांदा ते नुसतं हलवणं आहे, बॅग भरून एसटीत बसवल्यासारखं. दुसऱ्यांदा ते उपटून काढणं आहे, कापडातला डाग काढावा तसं. गंमत या सरकण्यात आहे आणि भाषांतरात पहिला बळी तिचाच जातो. मराठीत मी बऱ्याचदा 'सुटणं' वापरतो: "गाव सुटलं, पण गावपण सुटलं नाही." इथे 'सुटणं' तसंच सरकतं, एकदा निघून येणं, एकदा सवय जाणं. 'मुलगा' वाक्यातून गेला, त्याला इलाज नाही. आणि 'तरी... नाहीच' अशी पल्लेदार रचना केली की म्हणीचा ठेका जातो आणि निबंध सुरू होतो.

ही म्हण अमेरिकन आहे, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिचा जम बसला. काळ महत्त्वाचा आहे. १९२०च्या जनगणनेत अमेरिकेची शहरी लोकसंख्या पहिल्यांदाच ग्रामीण लोकसंख्येच्या पुढे गेली, तीही अडीच हजार वस्तीचं ठिकाण शहर धरून. म्हणजे शहरात बसून काम करणाऱ्यांपैकी असंख्य लोकांचं बालपण गोठ्यात आणि मक्याच्या शेतात गेलेलं होतं. कुणी टाय नीट बांधत नव्हता, कुणी ट्राममध्ये अनोळखी माणसालाही रामराम घालत होता, कुणी पहाटे चारला उठून बसत होता. अशा माणसांबद्दल, आणि मुख्य म्हणजे अशा माणसांनी स्वतःबद्दल, हे वाक्य बोललं. आपल्याकडे २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या ४५ टक्क्यांच्या आसपास होती. हडपसर नाहीतर डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत गणपतीच्या आधी पार्किंग का रिकामं होतं ते आठवलं की या म्हणीची हवा लगेच कळते.

घरोघरी तिला पोचवलं ते मात्र एका सिगारेटने. सेलम या मेंथॉल सिगारेटची जाहिरात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी टीव्हीवर गाजली: सेलमला कंट्रीतून काढता येईल, पण कंट्रीला सेलममधून काढता येणार नाही. झरे, हिरवळ, गावाकडची थंड हवा, तीच म्हणे या सिगारेटमध्ये. जानेवारी १९७१पासून तिथे टीव्ही-रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, पण तोवर चाल लोकांच्या तोंडी बसली होती. माझ्या वर्गातल्या एका साठीच्या अमेरिकन पाहुण्याने ही म्हण बोलून दाखवली ती गाऊनच. तेव्हापासून तो साचा झाला आहे: माणसाच्या जागी मुलगी घाला, गावाच्या जागी ब्रुकलिन घाला, टेक्सस घाला, काहीही चालतं. म्हणजे ब्रुकलिनसारख्या भर शहरी भागालाही ही म्हण लागू होते आणि 'गाव' शब्द निघूनच जातो. तुम्ही ऐकलेली मात्र मूळची आवृत्ती.

आता अपमानाचा मुद्दा. या म्हणीत शब्दांपेक्षा तोंड कुणाचं आहे ते जास्त बोलतं. माणूस स्वतःबद्दल म्हणतो तेव्हा ती नव्वद टक्के लाडाची असते: 'बघा, अजून मला चुलीवरचंच लागतं.' गावाकडचा माणूस दुसऱ्या गावाकडच्याबद्दल म्हणतो तेव्हा ती पाठीवरची थाप असते. कधीच गाव न पाहिलेला माणूस, तुमच्या पाठीमागे, तिसऱ्याकडे बघत म्हणाला तर मात्र ती टोचणी असू शकते. तुमच्या प्रश्नात तुम्हीच जाता जाता लिहिलं आहे की मॅनेजर आयोवातल्या शेतावर वाढले, मका आणि डुकरं होती घरी. हे वाचलं आणि मी निर्धास्त झालो. आयोवाचा शेतकऱ्याचा मुलगा बुक्कीने फुटलेल्या कांद्याकडे बघून हे म्हणतो तेव्हा तो तुम्हाला आपल्या पंगतीत बसवत असतो. सगळ्यांसमोर, तुमच्या तोंडावर, हसून म्हटलं आणि कांदा खाल्ला. अजून काय पुरावा हवा?

तरीही तुमची शंका निराधार नाही, कारण इंग्रजीने खेड्यातल्या माणसाला शतकानुशतकं नावं ठेवली आहेत. 'हिक' हे रिचर्ड या नावाचं घरगुती रूप, 'रूब' हे रूबेनचं. म्हणजे आपल्याकडे गावाकडच्या सगळ्यांना सरसकट 'गणप्या' म्हणावं तसं. 'हेसीड', केसात अजून वाळल्या गवताचं बी अडकलेलं आहे असा. 'बूर', म्हणजे उद्धट, असभ्य माणूस, हा डच 'बूर'शी नातं सांगणारा शब्द. तिकडे त्याचा अर्थ साधा शेतकरी. आणि सगळ्यांत मोठा धक्का म्हणजे आपल्या सिनेमातला 'व्हिलन'. लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतावरचा वाडा, त्या वाड्याच्या जमिनीला बांधलेला मजूर तो 'व्हिलानुस', त्याचाच पुढे व्हिलन झाला. 'व्हिलेज'ही त्याच घरातलं. सरंजामदारांच्या भाषेत कुळ आणि खलनायक एकाच शब्दात बसले, आणि आज त्याच मुळातला 'व्हिला' लोणावळ्यात वीकेंडला भाड्याने मिळतो.

आपलेही हात काही स्वच्छ नाहीत. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा काव्यदोष आहे आणि 'नागर' म्हणजे सुसंस्कृत. गावंढळ, खेडवळ, गावठी हे शब्द आपण सहज फेकतो. 'गावठी'चं तर मला नेहमी नवल वाटतं: माणसाला लावला की शिवी, अंड्याला लावला की भाव वाढतो, आणि दारूला लावला की पोलीस येतात.

डोंगरांचं आणि नावं ठेवण्याचंही काहीतरी नातं आहे. अमेरिकेत डोंगराळ भागातला माणूस 'हिलबिली'. दूरच्या, मागासलेल्या मुलखाला 'बूनडॉक्स' म्हणतात, आणि तो शब्द मुळात फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेतला 'बुंडोक', म्हणजे डोंगर. तिथे लढायला गेलेल्या अमेरिकी सैनिकांनी तो घरी आणला. आणि मुंबईत, गोव्यात घाटावरून आलेल्याला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. 'घाटी' ऐकून ज्याचे कान तापले आहेत, त्याला 'कंट्री' ऐकून शंका येणारच. फरक एवढाच की 'कंट्री' हा शब्द हिकसारखा किंवा घाटीसारखा शिवीच्या वळणावर गेलेला नाही. तिकडे त्यात अजूनही मोकळी हवा आणि साधेपणा आहे, म्हणून तर सिगारेटवाल्यांना तो हवासा वाटला. 'यू हिक' म्हणाले असते तर माझं उत्तर वेगळं असतं.

या शब्दांचा एक प्रसिद्ध नमुना सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'व्हरायटी' या अमेरिकी मनोरंजन-व्यवसायाच्या साप्ताहिकाने जुलै १९३५मध्ये मथळा दिला होता: 'स्टिक्स निक्स हिक पिक्स'. चार शब्द, चारही एका ठेक्यात. स्टिक्स म्हणजे झाडझुडपाचा मुलूख, खेडी. निक्स म्हणजे नाकारणं. हिक पिक्स म्हणजे खेडवळ माणसांवरचे सिनेमे. खेड्यांतल्या प्रेक्षकांनी खेड्यांवरचे सिनेमे नाकारले, एवढीच बातमी. शहरात बसून रंगवलेलं खेडं खेड्याला आवडत नाही, हे तेव्हाही होतं. मराठीत हा मथळा करून बघा. मी अनेक वर्षं वर्गात देतो आहे, अजून कुणी चार शब्दांत आणलेला नाही.

याच घरातली आणखी एक म्हण तुम्हाला त्या ऑफिसात भेटेलच, म्हणून सांगून ठेवतो: 'आय डिडन्ट जस्ट फॉल ऑफ द टर्निप ट्रक.' सलगमच्या ट्रकवर बसून शहरात आलेला खेडूत, उंच इमारतींकडे बघता बघता वळणावर खाली पडलेला, आणि आता पहिला भेटणारा भामटा त्याला गंडवणार, असं चित्र. वाक्य जवळजवळ नेहमी नकारार्थी येतं: मला असातसा समजू नका. (टर्निप म्हणजे सलगम. मुळा नव्हे आणि नवलकोल तर नव्हेच. भाषांतरात मी तिन्ही पाहिले आहेत.) इथे मराठी श्रीमंत आहे: मी काय बोळ्याने दूध पितो? मी कच्च्या गुरूचा चेला नाही. मी दुधखुळा नाही. यातला जो प्रसंगाला बसेल तो घ्यावा, सलगम आणि ट्रक दोन्ही विसरावेत. पण एक गोष्ट पाहा, आपल्या तिन्ही वाक्यांत भोळेपणा खेड्याशी जोडलेला नाही, तान्हेपणाशी किंवा कच्च्या शिकवणीशी जोडलेला आहे. आयर्लंड-ऑस्ट्रेलियातले लोक तर म्हणतात, 'मी काही परवाच्या सरीबरोबर खाली आलेलो नाही.' हे ऐकलं तेव्हा मला माझे वडीलच आठवले: "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त बघितलेत." पाऊस तोच, मोजणी उलट बाजूने.

मराठी पर्याय विचारलात. बहुतेक जण 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' सुचवतील. ते इथे नको. खोड म्हणजे वाईट सवय, आणि ही म्हण वैतागून म्हणायची असते: पुन्हा पत्ते खेळायला गेला, पुन्हा खोटं बोलला. 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच' तर त्याहून वाईट. इंग्रजी म्हणीचा सूर असा नाही. तिथे जे गेलेलं नाही ते गेलं नाही याचं बोलणाऱ्याला बहुधा बरंच वाटत असतं. 'मातीशी नाळ' जवळ जातं, पण ते सत्काराच्या भाषणात इतकं वापरलं गेलं आहे की त्यात आता मातीही नाही आणि नाळही नाही. मी 'गाव सुटलं, गावपण सुटलं नाही' यावर थांबतो. संवाद हलका असेल तर त्याहून साधं: "गडी अजून गावचाच आहे." तुमच्या मॅनेजरचं वाक्य मी सबटायटलमध्ये लिहिलं असतं तर हेच लिहिलं असतं.

वापराबद्दल. स्वतःबद्दल बिनधास्त वापरा. दुसऱ्याबद्दल वापरताना त्याची-तुमची ओळख किती आहे ते बघा, आणि 'बॉय' या शब्दाकडे नीट लक्ष द्या. अमेरिकेत गोऱ्यांनी प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषांना 'बॉय' म्हणून हाक मारण्याचा लांबलचक, अपमानकारक इतिहास आहे. एखाद्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याबद्दल ही म्हण गंमत म्हणूनही बोलू नका. तुमच्या मनात काही नसेल, पण त्याच्या आजोबांनी तो शब्द कसा ऐकला होता हे त्याला माहीत असतं. साहेबाच्या काळात आपल्याकडे पन्नाशीच्या नोकरालाही 'बॉय' म्हणत, तेव्हा हे आपल्याला समजायला अवघड नाही. ईमेलमध्ये तर ही म्हण कुणाबद्दलही नको, कारण ईमेलला हसरा चेहरा नसतो.

दुसरी बाब, पुष्कळदा माणसं पहिला अर्धा भागच बोलतात: 'वेल, यू कॅन टेक द बॉय आउट ऑफ द कंट्री...' आणि खांदे उडवून गप्प. आपणही 'जित्याची खोड...' म्हणून सोडून देतो, तसंच. तिथे 'सॉरी, यू वेअर सेइंग?' असं विचारू नका. हसा, पुरे.

आणि गावाबद्दल बोलताना 'माय नेटिव्ह' म्हणू नका. 'आय ॲम गोइंग टू माय नेटिव्ह' हे मुंबईच्या ऑफिसात सगळ्यांना कळतं, शिकागोत कुणालाच नाही. तिथे नेटिव्ह म्हणजे मूळ रहिवासी माणूस, आणि तुम्ही माणसाकडे चाललात की कुठे हा प्रश्न पडतो. 'होमटाउन' म्हणा, किंवा सरळ 'बॅक होम'. शेतावर वाढलात, तर 'आय ग्रू अप ऑन अ ग्रेप फार्म' म्हणा. आयोवाच्या माणसाला पुढचा अर्धा तास पुरेल एवढं ते वाक्य आहे. तो पाऊस विचारेल, भाव विचारेल, फवारणी विचारेल, आणि तुम्हाला दिसेल की दोन्हीकडची रडगाणी सारखीच आहेत.

राहिलं उत्तर काय द्यायचं ते. त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात असं लिहिलंय. अजून उशीर झालेला नाही, ही म्हण पुन्हा निघेल. तेव्हा म्हणा, 'अँड थँक गुडनेस फॉर दॅट.' आणि पुढच्या वेळी सुरी समोर असली तरी एक कांदा त्यांच्याकडूनच बुक्कीने फोडून घ्या. पहिल्यांदा तो घरंगळतो, मुळाकडची बाजू खाली ठेवायला सांगा.